सातव्या मजल्यावरची व्यायामशाळा

लाठीकाठी शिकले ती दम्यामुळे. शूरवीर होण्याचा बेत आमच्या घरात कुणाचाच नव्हता. डॉक्टरांनी आईला सांगितलं, पोरीला मोकळ्या हवेत व्यायाम हवा, आणि लालबागमध्ये मोकळी हवा म्हणजे चाळीमागच्या व्यायामशाळेचं अंगण. तीही शेजारचं मसाल्याचं कांडप बंद असेल तेवढा वेळच. मिरची कांडायला सुरुवात झाली की लाठी फिरवणारे आणि बघणारे सगळेच शिंकत सुटायचे.

आमचे वस्ताद मालवणकडचे. दिवसा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, संध्याकाळी अंगणात. पहिल्याच दिवशी माझ्या हातातल्या काठीकडे बघून म्हणाले, "गो चेडवा, काठी आसा ती, लाटणा न्हय." मग त्यांनी व्यायामशाळेचा एकमेव नियम सांगितला. काठी कुणावर उगारायची नाही.

"मग शिकायची कशाला?" मी विचारलं.

उत्तर म्हणून त्यांनी मला बैठका काढायला लावल्या. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

नियम मात्र मी जन्मभर पाळला. मुद्दाम पाळावा लागला असंही नाही. बँकेत नोकरी केली, लग्न करून दादरला गेले, तरी दर रविवारी सकाळी लालबागला यायचे आणि तासभर हवेशी लढून घरी जायचे. दांडपट्टाही शिकले. बँकेतले लोक मला घाबरून असल्याचं नाटक करायचे. एकदा भायखळ्याच्या भाजीबाजारात एकाने माझी पर्स हिसकावली, तेव्हा माझ्या एका हातात मेथी होती आणि दुसऱ्या हातात दुधी. मी फक्त ओरडले. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून पट्टा फिरवायचे, तेव्हा मात्र लोक दोन हात लांब उभे राहायचे, आणि मग फोटोसाठी जवळ यायचे. एवढाच माझा पराक्रम.

मग चाळीचा पुनर्विकास आला. चाळ पडणार, टॉवर होणार, जुन्या भाडेकरूंना मागच्या इमारतीत घरं मिळणार. व्यायामशाळेचं काय, यावर आमची समिती बिल्डरशी कितीतरी वर्षं भांडली. अंगणाएवढीच जागा पाहिजे, एक इंच कमी चालणार नाही. शेवटी बिल्डरने टॉवरच्या सातव्या मजल्यावर, पार्किंगच्या वर, ऐसपैस हॉल दिला. एसी, गुळगुळीत लाद्या, एका भिंतीला पूर्ण आरसा. आम्ही टेप घेऊन गेलो. लांबी मोजली, रुंदी मोजली. वस्तादांनी स्वतः टेपचं टोक धरलं होतं. अंगणापेक्षा जागा थोडी जास्तच भरली आणि आम्ही बिल्डरला गंडवल्याच्या आनंदात पेढे वाटले.

वर कुणी बघितलंच नाही. अंगणाला छप्पर नव्हतं, त्यामुळे उंची नावाचं काही मोजायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या सरावाला पहिलीच काठी छताच्या पांढऱ्या चौकटीत घुसली. त्या छतावर आग विझवण्याचे पितळी फवारे लावलेले होते, तेही तेव्हाच दिसले.

उद्घाटन तोंडावर होतं. वस्तादांनी सगळ्यांना ताकीद दिली, "काठी डोक्याच्या वर जाता कामा नये."

कार्यक्रमाला पुढारी आले, फेटा बांधून. भाषणात म्हणाले, ही विद्या गडकोटांवरून थेट या व्यायामशाळेत आली आहे, वस्तादांच्या घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. टाळ्या झाल्या. मग माइक वस्तादांकडे गेला. ऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, ताठ कणा.

"माझ्या घराण्यात सगळे शेती करायचे," ते म्हणाले. "माझा गुरू भायखळ्याचा कॅथलिक. गिरणीत फिटर होता. रविवारी चर्चमधून आला की शिकवायचा. त्याला उत्तरेकडच्या एका रखवालदाराने शिकवलं. त्याच्या मागचं मला ठाऊक नाय."

हॉलमध्ये एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. सूत्रसंचालकाने घाईघाईने प्रात्यक्षिकं जाहीर केली.

आम्ही बायका पुढे झालो. डोक्याच्या वर जायचं नाही म्हणून आम्ही काठ्या कमरेपाशी अशा जपून फिरवल्या, की बाळाला पाळण्यात झोके देतोय असं वाटावं. पुढाऱ्यांनी जांभई दाबली आणि म्हणाले, "वस्ताद, आता तुम्हीच दाखवा."

वस्तादांनी चपला काढल्या. काठी हातात घेतली आणि पुढची काही मिनिटं त्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. काठी गुडघ्याखालून, पाठीमागून, बगलेतून फिरत होती, आणि इतक्या कमी उंचीत फिरत होती की छत आहे याची आठवणही होऊ नये. माझे डोळे भरून आले. खेळ संपला. ते पाहुण्यांकडे वळले आणि आयुष्यभर करत आले तसं काठी दोन्ही हातांनी उभी उंच उचलून सलामी दिली.

फवारा तुटला.

अशा नळात पाणी महिनोन्‌महिने साचून काळं झालेलं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. ते पुढाऱ्यांच्या फेट्यावर पडलं, आणि फेट्याचा केशरी रंग त्यांच्या सदऱ्यावर उतरला. लगेच भोंगे वाजले. बाया, लहान मुलं, कुत्री, नोकरचाकर, सगळा टॉवर जिने उतरून रस्त्यावर आला. एकही वार न करता वस्तादांनी चाळीसेक मजले रिकामे केले होते. आमच्यातली एक बाई कानात पुटपुटली, "गड घेतला ग!" मी हसू आवरायला तोंडावर पदर धरला.

वस्ताद हसत नव्हते. भिजलेल्या लाद्यांवर ते काठी छातीशी धरून उभे होते.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. सोसायटीची बैठक भरली. हॉलमध्ये काठ्यांना बंदी, काठी न्यायचीच तर सामानाच्या लिफ्टमधून. हॉल रिकामा ठेवून काय करायचं म्हणून तिथे झुंबाचा वर्ग सुरू झाला. दारावर पाटी अजून व्यायामशाळेचीच आहे.

वस्ताद यायचे बंद झाले. दोन-तीन रविवार वाट पाहून मी त्यांच्या घरी गेले. मागच्या इमारतीतल्या नव्या घरात ते खिडकीशी बसले होते.

"वस्ताद, चला ना."

"कित्याक? माका वरती बघूचा सुचला नाय. टेप मीच धरलेली."

"आम्ही सगळेच होतो की."

"तुमी शिकणारे. मी वस्ताद."

मग मी जे खरं होतं तेच सांगितलं. म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर माझा रविवार कुठे घालवू? घरी नवरा आता रिटायर झालाय."

ते खिडकीपासून उठले. मग खुंटीवरचा सदरा काढला.

जागा शोधायला आम्ही खूप फिरलो. मैदानात क्रिकेटवाले होते, बागेत हास्यक्लब. त्यांनी आम्हाला, गंमत म्हणजे, आवाज कमी करायला सांगितलं. शेवटी टॉवरच्याच पार्किंगचा उतार मिळाला. रविवारी सकाळी तिथून गाडी जात नाही, आणि वर नुसतं आकाश आहे. मी म्हटलं, "उतार आहे, पाय घसरेल."

"लढाई काय सपाट जमनीर होता?" वस्ताद म्हणाले.

सिक्युरिटीवाला प्लास्टिकची खुर्ची आणून देतो. वस्ताद तिच्यात बसतात आणि काठीच्या टोकाने माझा डावा पाय जरासा बाहेर सरकवतात. इतक्या वर्षांत तो एकदाही त्यांच्या मनासारखा पडलेला नाही.