आतलं बाहेर

"हिच्याकडे बघून वाटत नाही ना?"

मागे कुणीतरी कुजबुजलं. मी मान वळवली नाही. समोर पडद्यावर माझ्या नावापुढे दोन शब्द होते. अनुसूचित जाती.

दौलतगंजमधलं आमचं आकडेवारीचं ऑफिस. सर आम्हा सहा जणांना 'आर' या संगणकभाषेत यादीच्या आतल्या याद्या फिरवायला शिकवत होते. उदाहरणाला आमचेच नोकरीचे अर्ज घेतले. प्रत्येक माणसाची एक यादी, तिच्यात शाळा, प्रवर्ग. आतलं बाहेर असं उलटं केलं की सगळ्या शाळा एकत्र, सगळे प्रवर्ग एकत्र. लॅपटॉप माझा जोडलेला. मिनिटभरापूर्वी ओळ लिहून झाली, तेव्हाच काय दिसणार ते मला कळलं होतं. बोटं थांबली.

"अरे, पलट दो ना यार," अंकित म्हणाला. "एक ही तो लाइन है."

मी एंटर दाबलं.

शाळांमध्ये माझी सगळ्यांत भारी. प्रवर्गांमध्ये पाच जण सामान्य. आणि मी.

सरांचं घराणं इथल्या जुन्या मराठा दरबारातलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "तुमचं घराणं इकडे उत्तरेत कसं आलं?" दरबाराच्या फौजेबरोबर, मी म्हटलं. खरंच होतं. आमचे पूर्वज फौजेच्या घोड्यांची चामड्याची खोगिरं शिवायचे. ते कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये मी इंग्रजी शिकले, त्याहून नीट गप्प बसायला शिकले.

सर खुर्ची ओढून जवळ आले. आवाज हळू, मायेचा.

"अगं, गणपतीत तू आमच्याकडे आत स्वयंपाकघरात येऊन मोदक केलेस ना?"

मी मान हलवली.

"असो. काकूंना बोलू नकोस काही. सोवळ्याचं फार आहे तिचं. मी नाही हं मानत. आणि हे प्रवर्गाचं काढून टाक यादीतून. तुझ्यासाठीच म्हणतोय, बेटा."

मागे बाकीचे, दाराशी अंकितची खुर्ची. माझं बोट सवयीनं डिलीटवर गेलंसुद्धा.

त्या दिवशी काकूंनी, सरांच्या बायकोनं, माझ्या मोदकांच्या कळ्या पाहुण्यांना दाखवल्या होत्या. नैवेद्याच्या ताटात माझेच मोदक ठेवले होते. आता तेच लपवायचे. लपवायचे मी. उपकार सरांचे.

बोट उचललं. मी बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"काढणार नाही, सर. राहू दे पडद्यावर. आणि काकूंना मीच सांगते. आज संध्याकाळी, घरी येऊन."