सोप्या गाण्यांची यादी

सोपं गाणं म्हणजे काय, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. माझ्या मुलीनं मात्र त्यांची यादीच करून माझ्या हातात ठेवली. पाच गाणी, सगळी एकाच जपानी गायिकेची, जिचा आवाज गेली तीन वर्षं आमच्या गाडीत, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये वाजतोय. बाई वरच्या पट्टीत गेली की गाडीच्या काचा थरथरतात. तिची गाणी कॅरिओकीत म्हणताना भल्याभल्यांची दमछाक होते, म्हणून लोकांनी इंटरनेटवर तिच्या त्यातल्या त्यात सोप्या गाण्यांच्या याद्या टाकल्या आहेत. त्यातली एक मुलीनं उतरवून घेतली होती. म्हणाली, "अम्मी, इसमें से कोई भी ले लो. ये सब सेफ हैं."

सेफ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला जपानी येत नाही हे खरं. पण न कळणारी भाषा शब्द न चुकवता पाठ करणं आम्हाला कोणी शिकवू नये. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात चार वर्षांची असल्यापासून मदरशात बसून मी तेच केलंय. अर्थ पुढे कळला, उच्चार आधी पक्के झाले. त्या जपानी बाईची तर मला सातआठ गाणी तोंडपाठ आहेत, आणि ती मी भाजी चिरता चिरता पाठ केलीत. मला यादी कशाला?

मुलीची बारावी झाली होती. इथे सौदीत आमच्यासारख्यांच्या बहुतेक मुलांची वाट बारावीनंतर भारताकडे वळते. तिची पुण्याला जायची तारीख ठरली होती. जाण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती: दोन मैत्रिणींना घेऊन जेद्दाला कॅरिओकीची खोली तासाभरासाठी भाड्यानं घ्यायची. मलाही चल म्हणाली. प्रेमानं म्हणाली, की मैत्रिणींच्या आयांना बरोबर कोणी मोठं माणूस हवं होतं म्हणून, ते मी विचारलं नाही.

खरा राग मला दिलेल्या यादीचा नव्हताच. ती स्वतःसुद्धा त्याच यादीतलं गाणार होती, त्यानं माझं डोकं फिरलं होतं. त्या गायिकेचं एक अवघड गाणं आहे. शेवटी आवाज एक पायरी चढतो, आपल्याला वाटतं संपलं, आणि तो आणखी एक चढतो. माझी मुलगी ते गाणं बाथरूमचा पंखा लावून, दाराला कडी घालून म्हणते, आणि वरच्या पायरीवर व्यवस्थित पोचते. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालता घालता कितीदा ऐकलंय. गेल्या ईदला मैत्रिणीच्या घरी माइक हातात घेऊन तिनं ते म्हटलं आणि नेमका तिथंच तिचा आवाज फाटला. मैत्रिणीची मावशी हसली. कोणीतरी मोबाइलवर घेतलं, ते चार घरांत फिरलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मान्य आहे. पण किती दिवस फुंकायचं?

जेद्दाला जाताना गाडीत तिच्या अब्बांना हे सांगितलं तर म्हणाले, "गाणाच हाय ना? सोप्पा म्हनल, खूश होल. तू कशाला डोकं लावतंस?" आमचे हे इकॉनॉमिक सिटी नावाच्या इथल्या नव्या शहराच्या बंदरात क्रेन चालवतात. पन्नास मीटर वर चढून बसणाऱ्या माणसानं मला सोप्याचं महत्त्व सांगावं! मलाही बारावीनंतर घरच्यांनी सोपा म्हणून शिवणाचा कोर्स दिला होता. शिवण सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा ब्लाउजची बाही बसवून दाखवावी.

असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज झाल्यावर ह्यांनी आम्हाला कॅरिओकीच्या दारात सोडलं आणि सामान आणायला गेले. खोली लहान, एक लांब सोफा, मोठा पडदा, दोन माइक. मैत्रिणींनी आपापलं उरकलं. माझी पाळी आली तेव्हा मुलीनं मला न विचारता वजाचं बटण चार वेळा दाबून पट्टी खाली उतरवली. मी चार वेळा अधिकचं दाबून परत वर नेली. यादीतलं पहिलं गाणं लावलं. ते सोपं म्हणणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. गाणं वर जात नव्हतं हे खरं, पण दम घ्यायला त्यात कुठे जागाच नव्हती. मशीननं मला एकसष्ट मार्क दिले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, म्हातारीनं रस्ता ओलांडल्यावर वाजवाव्यात तशा.

मग ती उठली आणि यादीतल्या दुसऱ्या गाण्याकडे बोट न्यायला लागली. मी गाणी निवडायचा टॅब तिच्या हातातून घेतला आणि ते अवघड गाणं लावून मोकळी झाले.

"अम्मी, नको ना." ती घाबरली की मराठीत बोलते, एरवी सगळं हिंदी आणि इंग्रजी.

मी म्हटलं, "पुन्याला जाऊनपन असाच करनार? सोप्पा तेवडाच घेनार? फाटला आवाज तर फाटला. हितं कोन बसलाय हसायला?"

संगीत सुरू झालं होतं. तिनं माइक घेतला.

पहिल्या दोन ओळी तिनं पुटपुटल्यासारख्या म्हटल्या. तिसरीला तिचे खांदे खाली आले आणि बाथरूममधला तो आवाज, ज्याला आजवर पंख्यानं आणि दारानं दाबलं होतं, तो मोकळा बाहेर पडला. मला माझ्या मुलीचा इतका अभिमान वाटला की मी मैत्रिणींकडे बघायलासुद्धा विसरले. शेवटच्या चढाच्या आधी संगीत थांबतं. तिनं डोळे मिटले, माइक तोंडापासून जरा दूर धरला. खोलीत काहीच आवाज नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला.

आणि मी दुसरा माइक उचलून ती ओळ म्हटली.

विचार करून नाही म्हटली. आमच्या गावात लग्नाच्या हळदीला बायका बसून गाणी म्हणतात. एकीनं ओळ उचलायची, आणि तिचा दम तुटला की शेजारच्या बाईनं ती तिथल्या तिथे झेलायची. ओळ खाली पडू द्यायची नाही, पाहुण्यांना कळूही द्यायचं नाही. त्याला कोणी मदत म्हणत नाही, शेजारी बसलेल्या बाईनं एवढं करायचंच असतं. मी लग्नाआधी पंचवीसेक हळदींना बसलेय आणि एकही ओळ पडू दिलेली नाही. शांतता झाली आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

मी अर्थातच वर पोचले नाही. माझा आवाज मधेच चिरकला, तोवर गाणं पुढे निघून गेलं होतं आणि तिचा तो चढ संपला होता. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मी," ती हळूच म्हणाली, "मैं साँस ले रही थी."

ईदच्या त्या मावशीला मी आठ महिने शिव्या घालतेय. ती निदान मुलीचं गाऊन झाल्यावर हसली होती. मी तर तिला गाऊच दिलं नाही. माझा मलाच इतका संताप आला की कान तापले. हट्टानं तिला उभं करणारी मी, आणि ती पडेल असं या खोलीत एकट्या मलाच वाटलं होतं. त्या दोन पोरी गप्प बसून वाट बघत होत्या.

"परत लाव," मी म्हटलं.

"आप फिर से..."

"मी हितं नसनार."

माइक सोफ्यावर ठेवला, पर्स घेतली आणि बाहेर जाऊन दार लावलं. ती दारं कापूस भरून जाड केलेली असतात, आतलं बाहेर काही येत नाही. काउंटरवरची सौदी मुलगी आली, खोलीकडे बोट करून विचारलं, "खलास?" मी मान हलवून नाही म्हटलं. दाराला एक छोटी काच होती. आत माझी मुलगी पाठमोरी उभी होती, दोघी मैत्रिणी तिच्याकडे तोंड वर करून बघत होत्या. तिची मान मागे गेली, खांदे वर आले. मला काही ऐकू आलं नाही. मी दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला आणि तिथेच उभी राहिले.