ग्रहणात बाहेर गेलेला एक्स-रे

परवा नात म्हणाली, आजी, तुझे सगळे रिपोर्ट आता मोबाईलवर राहतील, कोणाला दाखवायचे ते तू ठरवायचं. मी म्हटलं, ते मी आधीही ठरवत होते. ऐकत कोणी नव्हतं.

तेव्हा आम्ही भिंगारला राहायचो. मला टीबी झाला होता आणि औषध पुरं करून मी बरी झाले होते. छातीचे दोन एक्स-रे होते, एक डागाचा, एक नंतरचा स्वच्छ. ते ट्रंकेमागे ठेवून, कोणाला दाखवायचे नाहीत, अशी घरातल्यांना मी ताकीद दिली होती. थोरल्या लेकीचं लग्न केडगावात ठरत आलं होतं आणि मुलाची आत्या आमच्याच गल्लीत राहायची. टीबीचं नाव निघालं की सोयरीक मोडायची, असे दिवस होते.

दिवाळीच्या सुमारास सूर्याला ग्रहण लागलं. आम्ही ग्रहण पाळत नव्हतो. एक्स-रेतून सूर्य बघायला सकाळीच सगळी गल्ली बाहेर. डोळ्यांना ते वाईट, हे कोणाला ठाऊक! मी भाकरी थापत होते, तेवढ्यात जाऊबाईंनी डागाचा एक्स-रे काढून बाहेर दिला. पिठाच्या हातांनी मी दारात आले तर माझी छाती हातोहात फिरत होती आणि आत्याबाई कोपऱ्यातलं माझं नाव वाचत होत्या.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सूर्यच तर बघत्यात. तुजं काय झिजलं?"

मी एक्स-रे काढून घेतला. आत्याबाईंना म्हटलं, "आजार माजा हुता. केडगावात मीच सांगनार. तुमी आधी बोलू नका."

त्यांनी उद्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. गल्लीत कोणाचं काही झाकलेलं राहत नसे, पण दिलेला शब्द लोक पाळायचे. त्याची मला अजून आठवण येते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही एक्स-रे घेऊन एकटीच केडगावला गेले. मुलाच्या आईने ते दारातल्या उजेडात धरले, आधी उलटे, मग सुलटे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, मलाही नाही. डॉक्टर जे म्हणाले ते मी सांगितलं. ती उठून आत गेली. टीबीवाल्याला तेव्हा घरोघरी वेगळा कप द्यायचे, कान तुटलेला. मी त्याचीच वाट बघत बसले.

तिने दोन सारखेच कप आणले. चहा झाल्यावर माझा रिकामा कप आपल्या कपात ठेवला आणि दोन्ही मोरीत नेऊन एकत्र विसळले.