अण्णांच्या गाडीचा आकडा

आमच्या घरात रिमोट दोन. टीव्हीचा कधी सापडत नाही. दुसरा अण्णांच्या मोटारसायकलचा, तो आम्ही मागच्या खोलीत तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला होता आणि अण्णांना हरवला म्हणून सांगितलं होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आम्ही पुण्याजवळ नेऱ्यात राहतो, आणि आमची भाताची खाचरं शेजारच्या जांबे गावाच्या बाजूला होती. ती विकली तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाने दारात मोठी चारचाकी आणून उभी केली. अण्णांनी आणली मोटारसायकल. दांडगी, परदेशी, सुरू केली की स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरायच्या. तिला किल्लीच नव्हती. काडेपेटीएवढा रिमोट खिशात ठेवायचा, माणूस जवळ गेला की गाडी ओळखते, बटण दाबलं की सुरू. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "मी सोमोर हुबी ऱ्हायले तरी ह्यांचं ध्यान न्हाई, आन् गाडी मातुर लांबनं वळखती."

शोरूमवाल्याने सांगितलं होतं की रिमोट हरवला किंवा त्याचा सेल संपला, तर आकडा घालून गाडी सुरू करता येते. आकडा आपण ठरवायचा आणि कुणाला सांगायचा नाही. अण्णांनी विकलेल्या खाचराचा सातबाऱ्यावरचा गट नंबर दिला, पुढे हिस्स्याचा आकडा जोडून. आता आमच्याकडे माणूस स्वतःची जन्मतारीख विसरेल, पण गट नंबर विसरायचा नाही. शेजाऱ्याचाही विसरायचा नाही, कारण बांधावरून भांडताना तो लागतो. म्हणजे अख्ख्या गावाला तोंडपाठ असलेला आकडा अण्णांनी गुपित म्हणून ठेवला. मला लग्नानंतर पहिल्या वर्षातच पाठ झाला होता. यावर मी त्यांना चिडवलं की ते म्हणायचे, "चोर काय गावातला आसतोय व्हय?"

मग अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसं, मग सासूबाई गेल्या हे. एक दिवस गाडी घेऊन जांब्याला गेले आणि तिथल्या एका उंच इमारतीच्या वॉचमनला विचारत बसले, "माजी खाचरं कुटं गेली रं?" वॉचमन बिहारचा. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आमचा फोन लागेपर्यंत बसवून ठेवलं. इमारत आमच्याच खाचरावर होती, तेव्हा अण्णा चुकले असं तरी कसं म्हणायचं?

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. आणि दुसरं, त्यांच्याशी वाद घालू नका, चूक काढलीत की ते जास्त बिथरतील. रिमोट त्याच दिवशी पिंपात गेला. दुसऱ्या सकाळी मी चहा टाकते तोच ताटल्या थरथरल्या. अण्णा गाडीवर बसलेले. इंडिकेटरची बटणं दाबून, देवाला एकेक फूल वाहावं तसा एकेक आकडा घालून त्यांनी गाडी सुरू केली होती. सून विसरलेला माणूस गट नंबर विसरला नव्हता.

नवऱ्याने ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून गाडीचा पट्टाच काढून ठेवला. इंजिन चालायचं, चाक फिरायचं नाही. अण्णांच्या ते लक्षात आलं नाही. रोज सकाळी ते गाडीवर बसायचे, आकडा घालायचे, थोडा वेळ इंजिन चालवायचे, बंद करून ओट्यावर यायचे. "झाली गरम," म्हणायचे आणि चहा मागायचे. वरच्या खोल्यांमध्ये आयटीतली भाडेकरू पोरं राहतात, रात्रपाळी करून झोपलेली. ती आधी कुरकुरली. मी त्यांना सरळ सांगितलं, खोली सोडायची तर सोडा, हा आवाज बंद होणार नाही. मला स्वतःलाच तो हवा होता. दिवसभरात अण्णांचं खरोखर बरोबर येणारं तेवढं एकच होतं. तो आकडा येतोय तोवर अण्णा आहेत, असं मी मनाशी धरून बसले होते.

बाकी सगळ्याला आम्ही "व्हय" म्हणायचो. डॉक्टरांनी घरापुरतं सांगितलं होतं, आम्ही आळीभर केलं. गाव असं आहे, मदत करायची ठरली की नको म्हटलं तरी करतं. अण्णा म्हणायचे उद्या भाताची आवणी, किराणावाला म्हणायचा व्हय अण्णा. अण्णा सासूबाईंबद्दल म्हणायचे ती माहेरी गेलीया, शेजारीण म्हणायची व्हय, येतील सोमवारी. भाडेकरूंनाही शिकवलं होतं. तेही जिन्यावरून जाताना म्हणायचे, "बराबर है, अंकल." अण्णा खूश असायचे. जगात एकही माणूस त्यांना चूक म्हणत नव्हता.

पावसाळ्यात उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या. गाडी ठप्प झाली आणि अण्णा दिवसभर तिच्याभोवती फिरत राहिले. जेवले नाहीत. शोरूमचा माणूस आला, तेव्हा ते दुपारचे झोपले होते. त्याने वायरी जोडल्या, सीटखालचा चोरीपासून बचावाचा डबा जळाला होता तो बदलला, माझ्याकडून रिमोट मागून घेऊन त्या डब्याला तो ओळखायला लावला आणि गाडी चालू करून दाखवली. मला इतका आनंद झाला की मी त्याला आग्रहाने पोहे खायला घातले. आकड्याचं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

सकाळी अण्णा गाडीवर बसले. मी खिडकीतून बघत होते. एकेक आकडा घातला. काही झालं नाही. पुन्हा घातला, या वेळी सावकाश, ओठ हलवत. मग तिसऱ्यांदा, आणि गाडी बोंबलायला लागली. हॉर्न, दिवे, सगळं एकदम. कुत्री भुंकायला लागली. अण्णा दोन्ही हातांनी हँडल धरून बसून राहिले, लहान मूल जत्रेतल्या पाळण्यात घाबरून बसतं तसे.

मी मागच्या खोलीत धावले, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि रिमोट घेऊन अंगणात आले. आवाज थांबला. वर गॅलरीत पोरं जमली होती. त्यातल्या एकाला वाटलं, व्हय म्हणायची आपली पाळी आली. तो वरून ओरडला, "नंबर बराबर है, अंकल! एकदम बराबर!"

अण्णांनी वर पाहिलं, मग माझ्या हाताकडे. रिमोटला तांदूळ चिकटले होते.

"ह्यो घावला व्हय?"

"हितंच होता अण्णा." कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच मी त्यांच्याशी सरळ खरं बोलत होते. "आमीच लपवला होता. पण तुमचा आकडा बरोबर हाय. काल डबा बदललाय गाडीचा, त्याला तुमचा आकडा माहीत न्हाई. चूक गाडीची हाय, तुमची न्हाई."

त्यांच्या नजरेत राग नव्हता. रागावले असते तर मी देवाला नारळ फोडला असता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई संभाळून घेता गं पोरी तुमी मला." आणि गाडीवरून उतरताना, आजवर कधी धरला नव्हता, तो माझा खांदा धरून उतरले.

मी दिवसभर तेच तेच सांगत राहिले. जळका डबा आणून दाखवला. नवऱ्याने सांगितलं, किराणावाल्याने येऊन सांगितलं. जितके जण सांगायला आले, तितकी आपलंच चुकलं अशी त्यांची खात्री पटत गेली. इतके दिवस खोटं व्हय म्हणून म्हणून आम्ही सगळा व्हय संपवून टाकला होता, आणि गरजेच्या दिवशी आमच्याकडे त्यांना देण्यासारखा एकही उरला नव्हता.

त्यानंतर घर शांत झालं. अण्णा आता हट्ट करत नाहीत, आवणी म्हणत नाहीत. विचारतात. "मी जेवलो का गं?" "ह्यो सदरा माजाच हाय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, शांत झालेत, बरं लक्षण आहे. मला त्या डॉक्टरांचा इतका राग आला की मी तपासणीच्या खोलीतून उठून बाहेर येऊन बसले.

शोरूमला फोन केला. ते म्हणाले, जुना आकडा परत घालता येईल, पण डबा घेऊन मालक स्वतः यायला हवा आणि आकडा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवा. नियम आहे, चोरीच्या भीतीने केलेला. मी म्हटलं, बरंच झालं. अण्णांना इस्त्रीचा सदरा घालून आम्ही भाड्याच्या चारचाकीत बसवून पुण्याला नेलं. वाटेत मी आकड्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटत होतं की तो आत कुठेतरी आहे, विचारलं की आपोआप येईल, शाळेतल्या पाढ्यासारखा.

काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिलं, हसली आणि विचारलं, "काका, कोणता नंबर ठेवायचा?"

अण्णांनी तोंड उघडलं. मला आजही वाटतं, तो त्यांच्या जिभेवर आला होता. मग त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"तिला इचारा. माजं चुकतं."

मुलगी माझ्याकडे बघू लागली, नियम मोडायला तयार झाली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. मी आकडा सांगितला. आमच्या खाचराचा, अण्णांच्या वडिलांच्या हातून अण्णांकडे आलेला. अण्णा मान तिरकी करून नीट ऐकत होते.

"चांगला हाय की," ते मला म्हणाले. "कुटनं काढलास?"