टोपडं घातलेला वरवंटा

त्या दुपारी गाडीत माझी भाची नव्हती. तिच्या जागी आमच्या घरचा वरवंटा होता. हे मी अजूनही मनातल्या मनात म्हणते.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत आली होती. बाळ साडेचार महिन्यांचं झालं तेव्हा दाजी दोघींना न्यायला मुंबईहून गाडी घेऊन आले. गाडी जुनी, पण मागच्या सीटवर एक नवलाची वस्तू होती, लहान मुलाला बसवायची खुर्ची. दाजी ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहेत त्या बाईंनी, आपला मुलगा मोठा झाला म्हणून, ती दिली होती. सोबत इंग्रजी पुस्तिका. दाजींनी खुर्ची घाईत कशीतरी अडकवून आणलेली. हात लावला की डुगडुगायची.

"ही नीट बसव गो," आईने पुस्तिका माझ्या हातात दिली. "कालेजात जातेस ना?"

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. बँकेचा फॉर्म, दवाखान्याचा कागद, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सगळं माझ्याकडे येतं. कधी कळतं, कधी अर्धंच कळतं. अर्धंच कळलं, असं मी घरात कधी सांगितलेलं नाही.

अंगणात गाडीचं दार उघडून मी पुस्तिका वाचायला बसले. चौथ्या पानावर चित्र होतं. तान्ह्या बाळाची पाठ पुढे ड्रायव्हरकडे, तोंड मागे. मी ते सगळ्यांना दाखवलं.

"उलटं?" दाजी हसले. "मॅडम, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

आईला मात्र हसू आलं नाही. "माहेराहून निघताना पोर पाठमोरी बसवायची? तोंड रस्त्याकडं पायजे. आणि देव पुढं हाय गाडीत."

"चित्रात तसंच आहे," मी म्हटलं. पण इतकं हळू की ताईलाही ऐकू गेलं नसावं. चित्र खोटं नाही, हे मला कळत होतं. तरी वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं, कशाला वाद घाला. मी खुर्ची पुढे तोंड करून ठेवली आणि सीटचा पट्टा तिच्या खाचांतून ओवला. ती डुगडुगतच राहिली. मग मीच डोकं चालवलं. जुन्या गोधडीची घडी करून खाली कोंबली. खुर्ची घट्ट बसली. दोन्ही हातांनी हलवून पाहिली, हलेना.

"पास?" दाजींनी विचारलं.

"पास," मी म्हटलं.

ताई बाळाला आत ठेवणार तोच आईने अडवलं. आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, मग बाळ. आईच्या मते हासुद्धा पाळणाच. तिने वरवंटा धुतला, हळदकुंकू लावलं, बाळाचं लाल गोंड्याचं टोपडं त्याला घातलं आणि तो खुर्चीच्या पट्ट्यांत बांधला. "खाली हायवेपर्यंत फिरवून आणा, मग तिला ठेवू."

मला लाज वाटली. रस्त्यात कॉलेजातलं कुणी भेटलं तर काय सांगणार? पण गेले. दाजी गाडी चालवत होते, मी शेजारी बसले. वरवंट्याची खुर्ची बरोबर माझ्या मागे होती.

दुसऱ्या वळणावर दगडी गडग्याआडून एक म्हैस रस्त्यात आली. दाजींनी ब्रेक मारला. वेग काहीच नव्हता, उतारावर असतो तेवढाच. पण माझ्या पाठीत असा धपका बसला की श्वास अडकला.

मी मागे वळले. खुर्ची माझ्या सीटवर आदळून उपडी पडली होती. खालची गोधडी निसटून पट्टा सैल पडला होता. वरवंटा पट्ट्यांतून निसटून खाली गेला होता, पुढच्या आणि मागच्या सीटमधल्या फटीत. टोपडं त्याच्यावर तसंच होतं.

दाजींनी इंजिन बंद केलं. म्हैस रस्ता ओलांडून गेली तरी त्यांचे हात स्टेअरिंगवरच होते. मग ते म्हणाले, "बाळ घरी आहे ना?"

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी मी म्हटलं, "हो. ताईजवळ आहे."

आम्ही घरी परतलो. आई ओट्यावरून उठली, गाडीत डोकावली आणि तिथेच खाली बसली. ताईने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. मी कुणाकडे न बघता सांगून टाकलं, "मला सगळं कळलं नव्हतं. जे कळलं होतं, तेही मी नीट बोलले नाही."

कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. अडलेला प्रत्येक शब्द 'हा येत नाही' असं म्हणून मोबाइलवर शोधला. खुर्चीखाली काहीही ठेवू नये, हे सहाव्या पानावर होतं. मी चौथ्यावरच थांबले होते. पाठमोऱ्या खुर्चीसाठी पट्ट्याच्या खाचाही वेगळ्या होत्या. दाजींनी खुर्चीत गुडघा रोवून वजन टाकलं, मी पट्टा सगळा जोर लावून ओढला. आता ती गोधडीशिवाय घट्ट बसली. दाजींनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी 'पास' म्हटलं नाही. म्हटलं, "परत फिरवून बघू."

आईने वरवंटा पुन्हा धुतला. "पाठमोरी तर पाठमोरी," एवढंच म्हणाली. दाजींनी त्याच वळणावर मुद्दाम तीनदा ब्रेक मारला. मी दर वेळी पाठ ताठ करून धपक्याची वाट बघत होते. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गाडी वळताना मागच्या काचेतून टोपड्याचा लाल गोंडा तेवढा दिसला.

"बघ, आपल्याकडंच बघतेय," आई म्हणाली आणि हात हलवत राहिली.

माझा हात वर गेलाच नाही. ताईचा पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी ओट्यावरच बसून होते.