बुजवण्याने फावडं टाकलं

त्याला सगळे बुजवण्या म्हणत. जमिनीच्या पोटातला कोळसा खाणीने काढून नेला की वरची जमीन खचते, तिला भेगा पडतात. भेगेतून वारा आत शिरला की उरलासुरला कोळसा पेटतो. म्हणून याने रोज सगळं रान पायाखाली घालायचं आणि भेग दिसली की ओली माती भरून धुमसाने ठोकायची. हात इतका साफ, की मागून भेग शोधायला भिंग लागावं. त्याच गुणाने घात केला.

धाकट्या बहिणीचं नि तिच्या मुलांचं घर त्याच जमिनीवर. भिंत फुगलेली, दार लागत नव्हतं. घर राहण्याजोगं नाही, असं पाहणीच्या साहेबाने लिहून दिलं तरच खाणीकडून दुसरीकडे खोल्या मिळणार. साहेब आला, अंगणात फिरला. "कुठाय भेग? जमीन तर ताटासारखी सपाट!" म्हणाला नि गेला. दिसणार कशी? सकाळीच बुजली होती. हुकूम मुकादमाचा, हात सख्ख्या भावाचे.

"दादा, काय यश रे तुझ्या हाताला!" बहीण म्हणाली. "उद्या माझ्यासकट घर गडप झालं, तरी वर माती गुळगुळीत."



पुढच्या पाहणीच्या सकाळी भेग पुन्हा उघडली, अंगणातून थेट स्वयंपाकघरात. मुकादम धापा टाकत आला.

"बघतोस काय? साहेब यायच्या आत भर!"

"नाही भरत." त्याने फावडं टाकलं.

"अरे, वारा जातोय आत! आग लागेल!"

"मग साहेबांना लवकर बोलवा."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या. बहीण गेली तर दुसरी कुठून आणू?"

मुकादमाने स्वतःच फावडं उचललं. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला! तसा बुजवण्या भेगेच्या तोंडाशी फतकल मारून बसला. "भरा. आधी मला बुजवा."

साहेबाची गाडी आली. काच खाली करून साहेब म्हणाला, "दिसतंय, दिसतंय."

"तिथून नाही दिसायचं. उतरा साहेब. हात घाला आत."

साहेब नाक मुरडत उतरला, वाकला, कोपरापर्यंत हात घातला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. आतून गरम वाफारा येत होता.

"मुलांना आधी बाहेर काढा!" तो ओरडला.

आता कळवळा! इतके दिवस ती मुलं तिथे काय पाहुणी म्हणून राहिली होती?

साहेबाने गाडीच्या बॉनेटवरच लिहून दिलं. बहिणीने वाचलं, पुन्हा वाचलं, पदराला डोळे पुसले आणि भांडी आवरायला धावली. मुकादम मुकाट्याने माती कालवायला बसला. बहिणीची ट्रंक डोक्यावर घेऊन बुजवण्या निघाला, तोच शेजारीण कुंपणावरून ओरडली,

"अहो भाऊ, आमच्याही परसात पडलीय एक! तिथे बसायला कधी येताय?"

"ट्रंक ठेवून आलोच," तो म्हणाला. "तोवर कुणाला भरू देऊ नका."