द्राक्षबागेतला पत्र्याचा शिक्रा

कळंबला माझं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. गणपतीत मंडळांचे हलते देखावेही मीच करायचो. त्यामुळे एक पाखरू बनवणं म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

कारण मात्र गमतीचं नव्हतं. नव्वदनंतर आमच्याकडे द्राक्षबागा वाढल्या, तशी थोरल्या भावानेही लावली. पिकावर साळुंक्या, बुलबुल तुटून पडले, तेव्हा त्याने ज्वारीला विष चोळून ती बागेत टाकली. मेलेली पाखरं मी पाटीत गोळा केली. फार वाईट वाटलं, आणि भावाचा रागही आला. पण त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. पुढच्या हंगामात पाखरं मी हाकलून दाखवतो, तोवर विष नको, एवढं कबूल करून घेतलं. नाही जमलं तर मी आहेच, असं त्याने बजावलं.

लहान पाखरं शिक्र्याला, म्हणजे ससाण्यासारख्या त्या शिकारी पक्ष्याला, घाबरतात, म्हणून तोच करायचं ठरवलं. आळेफाट्याच्या भंगारातून वायपरची मोटर आणली. अंग पत्र्याचं, पंखांना मोडक्या छत्रीच्या काड्या आणि कापड. आधी शिक्रा नुसता फडफडत राहायचा. खरा शिक्रा चार-दोनदा पंख मारतो आणि तरंगतो. म्हणून देखाव्यातल्या राक्षसाचा हात थांबून थांबून उचलणारं चाक त्याला बसवलं. बांबूवर चढवला आणि बाग चिडीचूप झाली. भावाने उरलेल्या विषाची पुडी माळ्यावर टाकली. त्याच्या बाबतीत ती शाबासकीच.

आमच्यात नवं यंत्र नारळ फोडल्याशिवाय चालू होत नाही. आईचं तेवढ्यावर भागलं नाही. रोज राबतो त्याला रोज नैवेद्य हवा, म्हणून ती बांबूच्या बुडाशी दूधभात ठेवू लागली. आधी एक साळुंकी आली, मग तिचं सगळं गणगोत. वर शिक्रा पंख मारतोय आणि खाली पंगत बसलीय. थोड्याच दिवसांत साळुंक्या त्याच्या पाठीवर बसून चोच पुसू लागल्या. तिथून द्राक्षं हाकेवर; घड पुन्हा टोचले जाऊ लागले.

भाऊ विषाची पुडी घेऊन आला. आई दूधभात ठेवत होती. पुडीकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "माझ्या निवदाला आल्याती ती. पंगतीला बसलेल्याला इख घालनार व्हय रं?"

त्याने खालच्या पंगतीकडे पाहिलं. मग बाजूला खोल खड्डा खणून त्याने पुडी पुरली आणि हात धुतले.

"आय," तो म्हणाला, "उद्यापास्नं निवद लांब ठिव. पार त्या बाभळीखाली. आन् जरा जास्ती घाल."